पत्र्यावरच्या दोन थापा

१

टेंपो हलायच्या आधी मागच्या हौद्यातल्या माणसानं पत्र्यावर दोन थापा मारायच्या, हा कायदा. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हायवे उखडला, बांधला, पुन्हा उखडला, तरी हा कायदा तसाच राहिला. कान्हूची सगळी हयात त्यावर गेली. हमरापूरच्या कारखान्यांतून गणपती भरायचे, पेंढ्यात बसवायचे, डोळे आखून झालेल्या मूर्तींच्या तोंडावर फडकी बांधायची, आणि मागून दोन थापा आल्या की क्लचवरचा पाय उचलायचा. आरशात बघायची गरज नाही. बायकोचं त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नाही, पण पत्र्याचं ऐकलं.

माणूस तसा नगच. सरपंचाच्या आवाजात फोन करून त्यानं एकदा तलाठ्याला भर उन्हात मिठागराच्या बांधावर उभा केला होता. पेंढ्यात रबरी साप ठेवून हरेशला चालत्या टेंपोतून उडी मारायला लावली होती, आणि वर म्हणाला होता, "बाप्पाची शप्पथ, खरा व्हता, आताच गेला." गावात कोणी मेलं तरी लोक आधी विचारायचे, बातमी कान्हूनं तर नाय ना आणली?

त्याच टेंपोतून हे फळ्यांचं खूळ गावात आलं. समुद्राकाठच्या एका बंद पडलेल्या हॉटेलनं जुन्या फळ्या आणि शिडं टाकायला दिली. कान्हूनं ती टाकली नाहीत, घरी आणली. फळीवर उभं राहायचं, फळीत काठी रोवायची, काठीला शीड, शिडाला आडवी दांडी, आणि ती दांडी दोन्ही हातांनी धरून वाऱ्याला आपल्याला हवं तिकडं वळवायचं. शहरातले त्याला विंडसर्फिंग म्हणतात. गावात म्हणायचे, फळीवरची थेरं. पण त्याच थेरांवर दत्ता, हरेश आणि प्रविण ही तीन पोरं जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा थेरं म्हणणाऱ्यांनीच गुलाल उधळला. गावाला काय, उधळायला काहीतरी लागतं.

यंदा मालवणला राज्याची शर्यत होती. ठरलं असं, की टेंपोत फळ्या घालायच्या आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली जायचं. रोह्याला एक दिवस खाडीत, मग मुरूड, श्रीवर्धन, जिथं वारा दिसेल तिथं उतरायचं, सराव करायचा, पुढं निघायचं. संघात तीन माणसं लागतात. दत्ता होता, हरेश होता, आणि प्रविणच्या जागी आता नम्रता होती, कान्हूच्या लेकीची लेक. आई गेल्यापासून ती त्याच्याचकडं वाढलेली.

नम्रता हमरापूरच्या कारखान्यात आखणी करते. म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. ते काम कोणालाही देत नाहीत. हात थरथरला तर देव तिरळा होतो. त्या दिवशी सकाळी ती आपलं शीड गुंडाळून घेऊन आली, आणि गुंडाळीच्या वरच्या टोकाला तिनं फडकं बांधलं होतं. मूर्तीला बांधतात तसं.

"हे काय गो नमू?"

"तोंड झाकलंय, आबा. रस्त्यात उघडायचं नाय."

"शिडाला कसलं गो तोंड?"

"पाण्यावर कळंल. तुम्ही एकटेच लोकांना फसवता का?"

कान्हू खूश झाला. नातीनं गुण उचलला म्हणायचा. तिच्या हातात लाल काचेच्या बांगड्या होत्या, त्याकडं बोट करून तो म्हणाला, "त्या तरी काढ. पाण्यात काचा घुसतील हातात."

"घुसल्या तर घुसल्या."

बांगड्या जत्रेत कोणी घेऊन दिल्या हे कान्हूला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. गेल्या वर्षापासून बोलणं तिथंच थांबत आलं होतं.

फळ्या बांधून होत आल्या तेव्हा चंद्रावती आली. प्रविणची आई. वर्षभरात ती कान्हूशी एक शब्द बोलली नव्हती, समोर आला तर रस्ता बदलायची. आज सरळ टेंपोपाशी येऊन उभी राहिली.

"कान्हूभावजी, रोह्याकडनं जानार ना?"

"व्हय वहिनी."

"मंग भेटला तं सांगा, दार उघडंच ठेवते म्हनून."

"कोण भेटला तर?"

"तुम्हीच बोलावलाय. मना काय इचारता."

एवढंच बोलून ती बांधावरून मिठागराकडं चालती झाली. कान्हूनं हात झटकले, केबिनमध्ये चढला, किल्ली फिरवली. मागून पत्र्यावर दोन थापा पडल्या. दुसऱ्या थापेबरोबर लोखंडाचा बारीक आवाज झाला, टण्.

कान्हूनं पाय उचलला.

२

ते बोलावणं गावात सगळ्यांना माहीत आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

गेल्या साली शिमग्यानंतर, रोह्याच्या खाली जिथं कुंडलिका रुंद होते तिथं, प्रविण ओहोटीत सापडला. फळी मिळाली, शीड मिळालं, पोर मिळालं नाही. होड्या फिरल्या, पाणबुडे आले, पुढारी येऊन फोटो काढून गेले. बाराव्याच्या आधी भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करू, तो जाळू, म्हणजे मार्गी लागेल. चंद्रावती म्हणाली, जाळायचं नाय. माझं पोर पाण्यात हाय, त्याला आग कशाला लावता. मग कोणीतरी तोड काढली, की त्याचं शीड पाण्यात सोडू.

शीड साधं नव्हतं. नम्रतानं त्यावर दोन डोळे काढले होते, मोठे, कानापर्यंत गेलेले, बाप्पाचे असतात तसे. खाडीत लांबून ते शीड आलं की गणपतीच चालत आल्यासारखा दिसायचा. कान्हूच म्हणाला होता, "बाकीचे बघूनच पाण्यात पडतील." ते शीड घेऊन गावातले बाप्ये कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. एकदा बुडवलं, वर घेतलं. दुसऱ्यांदा बुडवलं, वर घेतलं. डोळ्यांवरून पाणी निथळत होतं. तिसऱ्यांदा हात सोडले.

आता ज्या गावाच्या तीन पिढ्या गणपती करण्यात, वाहण्यात आणि बुडवण्यात गेल्या, त्या गावाच्या तोंडाला काय सवय असणार? डोळे पाण्याखाली जाताना दिसले आणि कान्हूच्या तोंडून निघालं, जसं दर साली निघतं, पोटातून, लांबवत: "पुढच्या वर्षी..."

आणि कमरेइतक्या पाण्यातले सगळे बाप्ये एका आवाजात म्हणाले, "लवकर या."

काठावरचं एक पोर हसलं, त्याला कोणीतरी चापट मारली. चंद्रावती काठावर बसली होती. तिनं मान वर करून कान्हूकडं बघितलं आणि हात जोडले. राग नव्हता त्यात. कोणी आपलं काम केलं की जोडतात, तसे.

पुढं चार दिवस लोकांनी तोंडात मिठाची गुळणी धरली, मग त्याची गोष्ट झाली, मग विनोद झाला. गाव कशाचाही विनोद करतं. कान्हूला ते बरंच पडलं. त्याच्या नावावर अजून एक मस्करी जमा झाली, एवढंच.

३

वडखळ मागं पडलं तेव्हा कान्हूच्या लक्षात आलं, की थापा मारायला मागं कोणी नाही.

खिडकीशी दत्ता बसला होता, मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघत. मध्ये नम्रता. तिच्या बाजूला हरेश, आ वासून झोपलेला. चौथा तो स्वतः. पूर्वी मागं प्रविण बसायचा, फळ्यांवर पाय टाकून. त्याच्या मनगटात जाड लोखंडी कडं होतं, दुसरी थाप पडली की ते पत्र्याला लागायचं.

फळी सैल झाली असंल, कान्हू स्वतःला म्हणाला. फळीला लोखंडी कडी असते, ती आपटली असंल. दोनदाच का आपटली? तिसऱ्यांदा आपटायला फळीला काय सक्ती आहे का?

कासूला त्यानं टेंपो बाजूला घेतला. रेल्वेच्या बाजूनं मालगाडी चालली होती, तिचा खडखडाट संपेपर्यंत तो हौद्याच्या मागं नुसता उभा राहिला. मग मागचा फाळका खाली पाडला. फळ्या आवळून बांधलेल्या होत्या, दोरीला बोट शिरणार नाही अशा. खाली पेंढा होता, फळ्यांना ओरखडे नकोत म्हणून घातलेला. आणि कोपऱ्यात, केबिनला लागून, पेंढ्यात बैठक पडली होती.

मूर्ती उचलली की पेंढ्यात तिची बैठक उरते, खोलगट, काठ वर आलेली. कान्हूनं असल्या बैठका हजारांनी पाहिल्या होत्या. ही गणपतीची नव्हती. गणपतीची बैठक रुंद असते. त्यानं आत हात घातला. पेंढा गार होता आणि ओला होता. बोट जिभेला लावलं. खारट.

"काय झालं काका?" दत्ता उतरून आला.

"फळ्या ओल्या भरल्यास का रं?"

"महिनाभर वळचणीला पडल्यात. ओल्या कशा असतील?"

कान्हूनं बैठकीकडं बोट केलं. दत्तानं बघितलं, मग कान्हूकडं बघितलं, आणि त्याचं तोंड ओळखीनं वाकडं झालं. दत्ता संघाचा पुढारी, कंपनीत शिफ्ट करून सराव करणारा पोरगा. हसायला त्याला रजा टाकावी लागायची.

"बाटली कुठाय?"

"कसली बाटली?"

"पाण्याची. ओतलंस ती."

कान्हू गाडीत चढला. किल्ली फिरवली आणि मुद्दामच थांबला, पाय न उचलता. टेंपो उभ्या उभ्या थरथरत होता. मागून थाप पडली. मग दुसरी, टण्.

हरेश जागा झाला. "काका, पायानं मारतोस ना? खालनं?"

"मी नाय मारली."

"मंग काय बाप्पानं मारली?" हरेश हसला आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. नम्रता हसली नाही. ती मागच्या काचेकडं वळली होती. काचेला हौद्याच्या बाजूनं वाफ धरली होती, बंद खोलीत कोणी श्वास घेतल्यासारखी.

४

अष्टमीला दत्ताची मावशी राहते, गिरजाबाई. पुलापासून जवळच. तिच्याकडं जेवून खाडीवर जायचं, असं ठरलेलं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील. बाई एकदा वाढायला लागली की थांबत नाही. वाढता वाढता मध्येच ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली आणि तसाच भरलेला घेऊन परत आली.

"तो मागचा पोर उतरत का नाय?"

"कोण पोर?" दत्ता म्हणाला.

"टेंपोत बसलाय त्यो. पानी नेऊन दिलं तं नको म्हनाला. पानी बास झालं म्हनाला."

दत्तानं भाकरी ताटात ठेवली, हळू, फुटेल म्हणून जपून ठेवावी तशी.

"काका."

"दत्ता, मी काय..."

"मावशीला पण शिकवून ठेवलंस?"

"मी तिला आज पयल्यांदा बघतोय रं."

"फोन करता येतो तुला. सरपंचाच्या आवाजात येतो, माझ्या आवाजात पण येत असंल." दत्ताचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "साप झाला, तलाठी झाला, समदं हसून घेतलं आमी. हे नको. त्याच्या नावानं नको. मी त्याचा हात धरला व्हता त्या दिवशी. सुटला. तुला म्हाईत हाय ना?"

"बाप्पाची शप्पथ, दत्ता."

"सापाच्या वेळी पण हीच घेतली व्हती," हरेश म्हणाला.

आयुष्यभर खोट्या नोटा चालवलेल्या माणसाच्या हातात एकदा खरी आली, तर ती घ्यायला कोणी दुकानदार तयार नाही. कान्हूनं गिरजाबाईकडं बघितलं. ती बिचारी तांब्या धरून उभी, आपण काय चुकीचं बोललो हे शोधत.

नम्रतानं विचारलं, "दिसायला कसा हाय तो, मावशी?"

"तोंड नाय दिसलं गो. फडकं बांधलंय ना तोंडावर. उन्हाचं बांधलं असंल."

"थंडी वाजत व्हती का त्याला?"

गिरजाबाईनं जरा विचार केला. "अंग ओलं व्हतं खरं," ती म्हणाली. "पन वाट बघत बसल्यावानी बसलाय. थंडी वाजते तो असा बसत नाय."

कान्हूनं बाहेर जाऊन बघितलं तर हौद्यात फळ्या आणि पेंढा, माणूस कोणी नाही. दत्तानं बघितलंही नाही. तो हात धुऊन सरळ केबिनमध्ये बसला.

५

रोह्यापासून खाली गेलं की नदीची खाडी होते. दोन्ही काठांना चिखल, चिपीची झाडं, आणि मध्ये इतकं रुंद पाणी की पलीकडचा माणूस बोटाएवढा. दुपार कलली होती. समुद्राकडून खारा वारा सुटला होता, फळ्यांना हवा तसा. जागा तीच. गेल्या वर्षीचीच. दत्ताला तीच हवी होती. तिथं एकदा उतरल्याशिवाय त्याचे हात पुढं धरणार नव्हते.

पोरांनी फळ्या काढल्या. कान्हू नातीच्या मागंमागं फिरत होता.

"नमू, आज पाण्यात नको."

"का?"

"माझं आईक. मी आज मस्करी नाय करत."

"म्हाईत हाय मला," नम्रता म्हणाली.

हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. तिनं गुंडाळलेलं शीड खांद्यावर घेतलं. फडकं तसंच बांधलेलं होतं.

"आबा, मी सालभर डोळे काढते. हजारो काढले. मी काढलेले डोळे पयले मलाच बघतात, आनि मंग जाऊन पान्यात बुडतात. मला एकदा पान्यावर जाऊन बघू दे."

"काय बघायचंय तुला तिथं?"

कान्हूनं तिचं मनगट धरलं. बांगड्या किणकिणल्या. मग दत्तानं मध्ये येऊन त्याचा हात काढला, आदरानंच, पण काढला.

"काका, तू टेंपोपाशी बस. आज काठावर नको येऊ. तिला घाबरवून पान्यात पाठवशील तर ती घाबरलेलीच पडंल. कळतंय का?"

कळत होतं. तेच तर दुखणं होतं. बरोबर बोलणाऱ्याला काय सांगायचं?

नम्रता चिपीच्या झाडांकडं चालायला लागली. जाता जाता वळून म्हणाली, "येते, आबा."

"ये," कान्हू म्हणाला. आपल्याकडं म्हणतात तसं.

६

तो टेंपोच्या पायरीवर बसला. एक बिडी पेटवली, ती विझली, पुन्हा पेटवली. झाडांपलीकडून पोरांचे आवाज आले, शीड फडफडल्याचा आवाज आला, मग आवाज लांब गेले.

शेवटी उठून त्यानं हौद्यात डोकावलं. बैठक तशीच होती. पण आता तिच्यात एक फडकं पडलं होतं, चिंब भिजलेलं, गाठ सोडलेलं. मूर्तीच्या तोंडावरचं फडकं कधी सोडतात? जिथं न्यायची तिथं पोचली की.

कान्हूचं डोकं आपलं काम करत होतं. अर्धवट शिकलेल्या माणसाचं डोकं. त्याला फार लांबचं दिसत नाही, पण जवळचं पक्कं दिसतं. या म्हटलं म्हणून आला. लवकर म्हटलं, म्हणून साल भरायच्या आधी आला. म्हणजे सांगितलेलं ऐकतो. म्हणजे जा म्हटलं तर जाईल.

पण जा म्हणतो कोण? निघालेला माणूस येतो म्हणतो, उरलेला ये म्हणतो. भिकाऱ्याला पुढं हो म्हणतात. देवालासुद्धा पाण्यात लोटताना ये म्हणतात. इतक्या वर्षांत कान्हूनं कोणाला तोंडानं सरळ जा म्हटलेलं त्याला आठवेना. बायको मेली तेव्हाही त्यानं म्हटलं नव्हतं.

तो झाडांतून वाट काढत काठावर आला. ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडायला लागला होता. सूर्य समोर, पाण्यावर उतरलेला, त्यामुळं सगळं नुसतं चमकत होतं. लांब वरच्या अंगाला दोन शिडं काठाकडं येत होती. एक दत्ताचं निळं, एक हरेशचं पिवळं. तिसरं? नम्रताचं शीड पांढरं. हॉटेलच्या मालातलं कोरं पांढरं शीड त्यानं स्वतः तिला दिलं होतं. त्यानं डोळ्यांवर हात धरून पांढरं शोधलं. पांढरं कुठंच नव्हतं.

मग चमकणाऱ्या पाण्यातून, सरळ त्याच्याकडं, ते आलं.

आधी नुसते डोळे. कानापर्यंत गेलेले, काळ्या कडांचे, जसे गेल्या वर्षी पाण्याखाली जाताना त्यानं बघितले होते तसेच. मग डोळ्यांभोवतीचं शीड. मागं कोण उभं आहे ते शिडानं झाकलेलं. वारा चांगला होता आणि ते वेगानं येत होतं, घरी यायची घाई असलेल्या माणसासारखं. एका ठिकाणी ते किंचित कललं, तेव्हा डोळे कान्हूवर रोखले गेले आणि तिथंच राहिले.

कान्हूचे पाय चिखलात रुतले होते. तो तसाच पुढं गेला, गुडघाभर पाण्यात. सरपंचाच्या आवाजात नाही, तलाठ्याच्या नाही, स्वतःच्या आवाजात ओरडला. तो आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

"जा."

शीड येतच होतं.

"जा. परत येऊ नको. तुला कोणी बोलावलं नाय. आमी मस्करी केली व्हती. जा."

शीड थबकलं. वारा होता तसाच होता, तरी थबकलं, दारात आलेल्या माणसाला कोणी घरातून काही बोलावं तसं. डोळे अजून त्याच्याकडंच होते. मग हळूहळू ते वळायला लागले. एक डोळा गेला, मग दुसरा गेला, शिडाची कड आली, आणि क्षणभर शिडामागची बाजू दिसली. आडव्या दांडीवर घट्ट धरलेला एक हात. हातात लाल बांगड्या.

मग शीड पूर्ण फिरलं, आणि ओहोटीबरोबर, सूर्याकडं, सरळ रेषेत गेलं. कान्हूनं हाक मारायला तोंड उघडलं. तोंडात जो शब्द आला, ये, तो इतक्या वर्षांच्या सवयीचा होता, आणि तो पुन्हा म्हणायची त्याची छाती झाली नाही.

७

दत्ता आणि हरेश चिखलातून धावत आले.

"काका, परत का पाठवलीस तिला? सरळ येत व्हती."

"डोळे काढलेत तिनं," हरेश धापा टाकत म्हणाला. "प्रविणच्या शिडासारखे. महिनाभर लपवून काढले. तुला दाखवायला येत व्हती ती. आमाला म्हनाली, आज आबाला फसवायचं."

तिघांनी पाण्याकडं बघितलं. चमक होती, बाकी काही नव्हतं. दत्ता फळीवर पुन्हा चढला. हरेश कोळ्यांच्या वस्तीकडं होडी आणायला पळाला. जाता जाता शिवी दिली असती तर कान्हूला बरं वाटलं असतं.

तो टेंपोपाशी परत आला. फाळका लावलेला होता. मघाशी तो उघडाच टाकून गेला होता. त्यानं पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा गार होता, आणि खालच्या फटीतून पाणी ठिबकत होतं, थेंब थेंब, मातीत पांढुरका डाग पाडत. त्याला चंद्रावतीचं उघडं दार आठवलं. आता ते बंद करायला कोणी सांगू शकणार नव्हतं.

थांब म्हणायचं तर कायदा आहे. कान्हूनं पत्र्यावर एक थाप मारली.

आतून काही आलं नाही. खाडीवर दत्ता कोणाला तरी हाका मारत होता, "नमू, ये. नमू, ये." वारा ते शब्द उलटे आणत होता.

कान्हू केबिनमध्ये चढला. का चढला ते त्यालाही सांगता आलं नसतं. उभं राहवत नव्हतं, आणि बसायची त्याची जागा आयुष्यभर तीच होती. किल्ली फिरवली. टेंपो थरथरायला लागला. आरसा होता समोर, जरा मान तिरकी केली असती तर मागची काच दिसली असती.

पत्र्यावर दोन थापा पडल्या.

पहिली लोखंडाची. दुसरी काचेची.

कान्हूनं आरशात बघितलं नाही. कायद्याप्रमाणं पाय उचलला.